शब्दकोशाबाहेरची अमेरिका



शिवनेरीच्या पायथ्याशी उभे राहून अमेरिकन बोलीतल्या वाक्प्रचारांवर बोलणे पुष्कळांना आडवाटेचे वाटेल. पण जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांतला मुलगा किंवा मुलगी आज अमेरिकेत आहे; आणि ज्यांचे कोणी तिकडे नाही, त्यांचाही एखादा भाचा पुण्यात बसून अमेरिकन कंपनीचे काम करतो. ही मुले इंग्रजी शिकलेली असतात, व्याकरणात पक्की असतात. तरी सुरुवातीला त्यांतली पुष्कळशी बैठकीत गप्प राहतात. शब्द सगळे ओळखीचे आणि वाक्य मात्र परके, अशी ती पंचाईत असते.

आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या 'ओके'पासून निघू. याचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८३९ च्या सुमारास बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम अशुद्ध स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापण्याचे एक खूळ निघाले होते. 'ऑल करेक्ट', म्हणजे सारे ठीक, हे शब्द चुकीचे लिहून त्यांची 'ओ' आणि 'के' ही अक्षरे घेतली गेली. पुढल्याच वर्षी अध्यक्ष व्हॅन ब्युरेन निवडणुकीला उभे राहिले. त्यांचे गाव किंडरहूक, म्हणून त्यांना 'ओल्ड किंडरहूक' म्हणत. त्याचीही अक्षरे तीच! गृहस्थ निवडणूक हरले, शब्द मात्र जगभर निवडून आला. १९६० नंतरच्या काही वर्षांत ॲलन वॉकर रीड या विद्वानाने जुनी वर्तमानपत्रे चाळून हा उगम शोधून काढला, तोवर लोक नाना तर्क लढवीत होते. वात्रटपणातून निघालेला शब्द आज आपला तलाठीसुद्धा वापरतो, तेव्हा बोलीभाषेला नाक मुरडण्याचा अधिकार कोणाला आहे, ते ज्याचे त्याने ठरवावे.

अमेरिकन बोलण्याचा मोठा साठा बेसबॉल या खेळातून आला आहे. साहेब म्हणतो, 'बॉलपार्क आकडा द्या'. बॉलपार्क म्हणजे खेळाचे मैदान. त्याला हवा असतो अदमासे आकडा. 'टच बेस करू' म्हणजे थोडक्यात बोलून घेऊ. 'रेन चेक' तर आपल्याला आवडावा असाच आहे. पावसाने सामना बुडाला, तर त्याच तिकिटावर पुढला सामना पाहू देण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे पडली. आज कोणी जेवायला बोलावले आणि जमणार नसले, म्हणजे माणूस म्हणतो, 'मी रेन चेक घेतो'. आज नको, पुढे केव्हातरी. बाहेर कडक ऊन पडलेले असले तरी चालते.

आपण हसण्याचे कारण नाही. यात्रेच्या दिवसांत एखादा अमेरिकन पाहुणा इकडे आला आणि 'पाटलांची बारी घाटात चुकली' हे वाक्य त्याच्या कानी पडले, तर तो शब्दकोश उघडील. घाट म्हणजे डोंगरातली वाट, बारी म्हणजे खिंड. कोणी बिचारे नाणेघाटात वाट चुकले, असे समजून तो हळहळेल! घाट म्हणजे बैलगाड्याच्या शर्यतीची धाव आणि बारी म्हणजे एका गाड्याची पाळी, हे त्याला कोण सांगणार? 'फळीफोड' ऐकून तर तो सुतार शोधीत निघेल. २०१४ साली न्यायालयाच्या निर्णयाने शर्यती थांबल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत घाट ओस पडले, पण हे शब्द कोणी विसरले नाही. बेसबॉलचे शब्द तिकडे असेच माणसांच्या अंगात मुरलेले आहेत. म्हणून माझे मुलांना सांगणे असते की, याद्या पाठ करू नका, एक अख्खा सामना कोणा जाणत्याजवळ बसून पाहा.

आता घरातली गोष्ट. समजा, आजीने मासवड्या केल्या आणि फोनच्या पडद्यावर नातवाला दाखवल्या. नातू ओरडतो, 'सिक!' आजीला एवढे इंग्रजी येते, 'सिक' म्हणजे आजारी. तिचे तोंड उतरते. वास्तविक पोराने तोंडभर स्तुती केलेली असते. वाईट अर्थाचा शब्द घेऊन चांगले म्हणण्याची ही खोड जुनी आहे, आणि आपलीही आहे. 'भयंकर सुंदर' आपण म्हणतोच. आणि आपल्याकडची पोरे मासवडी खाऊन 'खतरनाक' म्हणतात, तेव्हा कोणी वैद्याला बोलावीत नाही. पण आजीला हे सांगायला मधले माणूस लागते. आईबापांनी ते काम टाळू नये. दोन्ही टोके त्यांच्याच हाती असतात.

शिष्टाचाराचे शब्द याहून फसवे. 'कधीतरी जेवायला भेटू' हे अमेरिकन वाक्य बहुधा आमंत्रण नसते. आपल्या 'या एकदा घरी'चेच ते भावंड. निरोप घेताना आपण 'येतो' म्हणतो, तेव्हा तिकडचा माणूस आपली वाट पाहत बसला, तर दोष कोणाचा?

या बाबतीत मला मॅक्सिन बर्नसन यांचे फार कौतुक वाटते. या अमेरिकन बाई फलटणला येऊन राहिल्या, तिथल्या लोकांच्या बोलीचा त्यांनी शास्त्रशुद्ध अभ्यास केला आणि पुढे तिथेच शाळा उभारली. गावाचे बोलणे अशुद्ध ठरवून बाजूला न सारता, ते कोण, कोणाशी, केव्हा बोलतो, हे त्यांनी ऐकले. आपल्या मुलांनी अमेरिकेत नेमके हेच करायचे आहे.

शेवटी एक धोक्याची सूचना. इंग्लंडात एखादा विषय 'टेबल' करणे म्हणजे तो चर्चेला घेणे. आपले 'पटलावर ठेवणे' त्याच वळणाचे. अमेरिकेत त्याचाच अर्थ, विषय बाजूला ठेवणे! दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ भांडले आणि मग दोघांनाही एकच गोष्ट हवी होती असे कळले, ही हकीकत चर्चिलने आपल्या ग्रंथात दिली आहे.

माझी वेळ संपली. श्रोत्यांचे प्रश्न अध्यक्षांनी आता 'टेबल' करावेत. मात्र आपल्या अर्थाने, अमेरिकेच्या नव्हे.