खोलीची किल्ली कोणाकडे?

(संस्थेच्या वार्षिक पालक-सभेत केलेले भाषण)



इतिहासाच्या शिक्षकाला बोलायला उभे केले की तो जुन्या गोष्टी सांगणार, हे तुम्ही धरूनच आला असाल. माझी गोष्ट आपल्या अमरावतीतच सुरू होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. १९३६ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले, तेव्हा या मंडळाचे तरुण तिथे गेले आणि त्यांनी आपले देशी खेळ, आपला हुतूतू, जगापुढे करून दाखवला. ध्यानचंद यांच्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले तेही याच ऑलिंपिकमध्ये. वऱ्हाडातल्या पोरांनी बर्लिनमध्ये दम धरला याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच.

हे वर्गात सांगत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, तेव्हा तिथली आमच्या वयाची मुले काय खेळत होती?" मला नीट उत्तर देता आले नाही. पुढे वाचत गेलो, आणि जे वाचले त्याने माझीच एक चूक मला दाखवली. ती शेवटी सांगतो.

हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी जर्मनीत मुलांच्या असंख्य टोळ्या होत्या. शनिवार-रविवारी पाठीवर पिशवी टाकायची, गिटार घ्यायची, डोंगरात तंबू ठोकायचा, शेकोटीभोवती गाणी म्हणायची. काही टोळ्या चर्चच्या होत्या, काही कामगारांच्या, काही कोणाच्याच नव्हत्या. म्होरक्या त्यांच्यातलाच एखादा थोडा मोठा मुलगा असे. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये बाल्डूर फॉन शिराख नावाच्या तरुणाला सगळ्या जर्मन युवकांचा प्रमुख नेमण्यात आले. त्याने एकेक संघटना बरखास्त करायला किंवा हिटलर युवक संघटनेत ओढायला सुरुवात केली. प्रॉटेस्टंट चर्चच्या युवक शाखा वर्षअखेरीस एका कराराने सामील झाल्या. कॅथलिकांनी पोपच्या करारावर भिस्त ठेवली होती. त्यांच्या मुलांना आधी गणवेशाची, मग सहलींची, मग खेळांची बंदी झाली. उरली ती प्रार्थना, आणि पुढे संघटनाही गेल्या.

आपले खेळाडू बर्लिनहून निघाले त्याला चार महिनेही झाले नव्हते, तोच १ डिसेंबर १९३६ रोजी कायदा आला की घर आणि शाळा सोडून जर्मन मुलांचे सर्व शिक्षण याच संघटनेत होईल. मार्च १९३९ मध्ये दहा ते अठरा वर्षांच्या प्रत्येकाला ती सक्तीची झाली. मुलाचे नाव न नोंदवणाऱ्या पालकाला दीडशे मार्कपर्यंत दंड किंवा कोठडी! पालकांनो, हे कलम तुमच्यासाठी होते.

आता एका घराची हकीकत ऐका. उल्म गावात हान्स शोल नावाचा मुलगा होता. वडील हिटलरचे कट्टर विरोधक. पण हान्स १९३३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, वडिलांचे न ऐकता हिटलर युवकांत गेला आणि म्होरक्या झाला. त्याला निशाण, संचलन, मैत्री सारे आवडले. वडिलांनी त्याला घराबाहेर काढले नाही. वाद घातला आणि वाट पाहिली. मग काय झाले, ते त्याच्या बहिणीने लिहून ठेवले आहे. हान्सला निरनिराळ्या देशांची लोकगीते म्हणायला आवडत. ती म्हणायची नाहीत, असा हुकूम आला. त्याच्या पथकातल्या मुलांनी स्वतः शिवलेले एक निशाण होते. वरिष्ठाने ते काढून ठेवायला सांगितले, कारण सरकारी निशाण असताना दुसरे कशाला? निशाण धरणाऱ्या लहानग्याचा चेहरा उतरलेला पाहून हान्सने त्या वरिष्ठाच्या थोबाडीत मारली. त्याचे पद गेले.

तो एका बंदी घातलेल्या जुन्या टोळीच्या पद्धतीने मित्रांसह गुपचूप सहली काढू लागला होता. १९३७ च्या अखेरीस या प्रकरणात त्याला अटक झाली. पुढे म्युनिकला विद्यार्थी असताना त्याने मित्रांबरोबर 'पांढरा गुलाब' या नावाने राजवटीविरुद्ध पत्रके काढली. २२ फेब्रुवारी १९४३ रोजी हान्स, त्याची धाकटी बहीण सोफी आणि त्यांचा एक मित्र यांना देहदंड झाला. हान्स चोवीस वर्षांचा होता, सोफी एकवीस.

शोल भावंडे शिकलेल्या घरातली. पण कोलोन, एसेन, डसेलडॉर्फ या कारखान्यांच्या शहरांत चौदाव्या वर्षी शाळा सोडून कामाला लागलेली मुलेही होती. कोटावर एडलवाईस या डोंगरी फुलाचा बिल्ला लावणारी म्हणून ती 'एडलवाईस चाचे' ठरली. मुले-मुली एकत्र फिरत, सरकारी गाण्यांची विडंबने म्हणत, हिटलर युवकांच्या गस्तीशी मारामाऱ्या करत. काहींनी पुढे पळून आलेल्यांना आसरा दिला. काहींनी चोऱ्याही केल्या, हे मी लपवणार नाही. १० नोव्हेंबर १९४४ रोजी कोलोनच्या एरेनफेल्ड भागात खटल्याशिवाय तेरा जणांना भर रस्त्यात फाशी दिले. त्यांत बार्थोलोमेउस शिंक हा सोळा वर्षांचा होता. युद्धानंतरही कित्येक वर्षे ही मुले गुन्हेगारच समजली गेली. त्यांची विटंबना थांबायला २००५ साल उजाडावे लागले. व्रात्य पोर आणि वाईट पोर यांतला फरक मोठ्यांना फार उशिरा कळतो, हा आम्हा शिक्षकांचाही अनुभव आहे.

आता आपल्याकडे येतो. आपल्या संस्थेची तुलना त्या राजवटीशी करण्याइतका मी मूर्ख नाही. इथे बसलेल्या बुजुर्गांनी पदराला खार लावून मुलांना शिकवले आहे. पण आज एक सूचना आपल्यापुढे आहे. अमरावती आणि अकोल्याच्या मोहल्ल्यांत मुलांनी आपली आपण चालवलेली क्रिकेटची मंडळे, वाचनालये, नाटकाची टोळकी यांना एकाच विद्यार्थी मंडळात घ्यावे, सर्वांची नोंद करावी, एक बिल्ला द्यावा आणि बाहेर राहणाऱ्यांना संस्थेची मदत मिळू नये. सूचनेमागची तळमळ मला समजते. पोरगा संध्याकाळी कुठे असतो, ही काळजी प्रत्येक आईला आहे. तरीही शेवटच्या कलमाला माझा विरोध आहे, आणि तो मी माझ्या चुकीच्या आधारावर करतो.

काही वर्षांपूर्वी अकोल्यात नववी-दहावीच्या मुलांनी एका दुकानामागच्या खोलीत वाचनालय काढले होते. जुनी उर्दू-मराठी मासिके, फाटकी पुस्तके, एक चटई. मला कौतुक वाटले म्हणून मी ते ताब्यात घेतले. रजिस्टर आणले, वेळ ठरवली, मॉनिटर नेमला, खोलीला नवे कुलूप लावून किल्ली माझ्या खिशात ठेवली. कोणी विरोध केला नाही. "जी सर" म्हणाले आणि तीन महिन्यांत एकही मुलगा यायचा राहिला. मी बराच काळ मुलांना बेफिकीर म्हणत असे. रजिस्टरची उरलेली पाने अजून कोरी आहेत.

मागच्या महिन्यात त्यांच्यातल्याच एकाचा धाकटा भाऊ आला. खोली पुन्हा उघडायची आहे म्हणाला. मी किल्ली काढून दिली. त्याने ती घेतली, थोडा घुटमळला आणि विचारले, "सर, रजिस्टर?" मी म्हटले, ते माझ्याकडेच राहू दे. आता तिथे संध्याकाळी दहा-बारा मुले बसतात. काय वाचतात, मला पुरते माहीत नाही. परवा जाताना दिसले की खोलीत उजेड फार कमी आहे. तेव्हा संस्थेने त्यांना एक ट्यूबलाइट आणि दोन बाके द्यावीत, अशी माझी विनंती आहे. बिल्ल्याची अट न घालता.