तीन चाकांची बाबागाडी



आपल्या घरांना तीन चाकें नवीं नाहींत. मूल उभें राहूं लागलें कीं सुताराकडून पांगुळगाडा करून घ्यावयाचा, ही आपल्याकडे जुनी चाल. आणि त्या गाड्याला चाकें तीनच. फरक इतकाच कीं पांगुळगाडा मूल ढकलतें, आणि बाबागाडींत बसलेल्या मुलाला आपण ढकलतों. पांगुळगाडा उलथला तर मूल बहुधा ढोपरावर पडून रडतें. बाबागाडी उलथली तर तें बसल्या जागेवरून, स्वतःला सांवरण्याची कांहींहि सोय नसतां, डोक्याच्या बाजूनें खालीं येतें. म्हणून ही वस्तु घेतांना रंग, कापड आणि दुकानदाराचें वक्तृत्व यांपलीकडे थोडा विचार करावा, एवढ्यासाठीं आजचें हें भाषण.

हल्लीं शहरांतील मोठ्या दुकानांत पुढें एक व मागें दोन मोठीं चाकें असलेली गाडी दर्शनी भागीं मांडलेली असते. ती दिसावयास ऐटदार असते यांत शंका नाहीं. तिचें कुळ कोणतें हें मात्र पाहिलें पाहिजे. इंग्लंडांत १७३३ सालच्या सुमारास विल्यम केंट यानें डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठीं एक छोटी गाडी केली. ती जनावर जुंपून ओढावयाची होती. मागून ढकलावयाच्या गाडीचें पेटंट चार्लस बर्टन यानें १८५३ सालीं घेतलें, आणि तिला तीन चाकें होतीं. पुढें चार चाकांच्या, उंच आणि जड गाड्यांचा काळ आला. १९६५ सालीं ओवेन मॅक्लारेन या विमानांच्या कामांत मुरलेल्या इंजिनिअरानें ॲल्युमिनिअमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. त्यानंतर १९८४ सालीं अमेरिकेंत फिल बेक्लर नांवाच्या गृहस्थांना आपल्या मुलाला बरोबर घेऊन धांवावयाचें होतें; त्यांनीं बाबागाडीला सायकलचीं चाकें बसविलीं, आणि तीनचाकी पुन्हा प्रचारांत आली. म्हणजे आज दुकानांत दिसणारी ही गाडी मुळांत धांवणाऱ्या बापासाठीं, मोकळ्या रस्त्यासाठीं आणि नीट बसतां येणाऱ्या मुलासाठीं जन्मली. आपल्या घरीं या तीन गोष्टींपैकीं किती आहेत, तें ज्यानें त्यानें मोजावें.

आतां थोडी भूमिति. वर्गांत मी तिपाई आणि चौरंग यांचें उदाहरण देत असें. ओबडधोबड फरशीवर चौरंग डुगडुगतो, एका पायाखालीं कागदाची घडी सारावी लागते; तिपाई कोठेंहि ठेवा, स्वस्थ बसते. कारण तीन बिंदूंतून नेहमीं एक पातळी जाते, पण चौथा बिंदु त्याच पातळींत असेल असा नेम नाहीं. तीनचाकी गाडीचा मोठा गुण तो हाच. खड्डे, उखडलेल्या फरश्या, बागेंतील पायवाट यांवर तिचीं तीनहि चाकें जमीन सोडीत नाहींत आणि मुलाला हिसके कमी बसतात. एका हातानें वळवावयास ती सोपी, हेंहि खरें.

परंतु तिपाईची दुसरी परीक्षा अशी कीं तिच्या दोन पायांच्या मधोमध, अगदीं कडेवर, हाताचा भार देऊन पाहावा. ती लगेच कलंडते. गाडीचा व मुलाचा मिळून सारा भार एका बिंदूंतून खालीं जातो असें मानलें, तर तो बिंदु तीन चाकांच्या त्रिकोणाच्या आंत आहे तोंवर गाडी उभी राहील. हा त्रिकोण पुढें निमुळता होत जातो. म्हणून बैठक मागच्या आंसाजवळ असेल तितकें बाजूला कलंडण्याचें भय कमी. पण ती आंसाच्या फारच जवळ सरकविली तर गाडी मागें उलथण्याचें भय वाढतें. गाडी बनविणाराला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते, आणि ती त्यानें कशी काढली आहे हें गाडी नुसती उभी असतांना कळत नाहीं. उतारावरून वेगानें येऊन एकदम वळलें कीं भार पुढें आणि बाहेर झुकतो. आपली रिक्षा उलटते ती बहुधा अशाच वेळीं, आणि तिचीहि चाकें याच तऱ्हेनें मांडलेलीं असतात.

यावरून दोन संवयी लावून घ्याव्या लागतात. फुटपाथची कड चढतांना किंवा उतरतांना गाडी तिरपी नेऊं नये; सरळ समोर घेऊन, मूठ खालीं दाबून, पुढचें चाक उचलून चढवावी, आणि उतरतांना स्वतः पाठमोरें उतरून मागचीं दोन चाकें एकदम खालीं घ्यावीं. दुसरी गोष्ट भाजीच्या पिशवीची. मुठीला पिशवी अडकविण्याचा मोह आपल्या लोकांना अनावर होतो. पिशवी आंसाच्या मागें लोंबते, मूल आंसाच्या पुढें बसतें, आणि मुलाला उचलून घेतांच गाडी पाठीवर आडवी होते. मूल हलकें असेल तर तें आंत असतांनाहि हें घडूं शकतें. सामान ठेवावयाचें तर बैठकीखालच्या जाळींत ठेवावें.

पुढच्या एकुलत्या एका चाकाकडे विशेष लक्ष द्यावयास पाहिजे, कारण त्याला जोडीदार नाहीं. कांहीं गाड्यांत तें सरळ बसविलेलें असतें, कांहींत सर्व बाजूंस फिरतें, आणि कांहींत खटका लावून तें सरळ कायम करतां येतें. बाजारहाटाला फिरतें चाक सोयीचें. पण वेग वाढला कीं फिरतें चाक थरथरूं लागतें, आणि एखादा दगड आडवा आला तर गाडी एकाएकीं वळते. म्हणून ज्याला मुलासह भरभर चालावयाचें किंवा धांवावयाचें असेल त्यानें खटका असलेलीच गाडी घ्यावी आणि तो लावल्याशिवाय वेग घेऊं नये. गाडी मोटारींत मावावी म्हणून हें चाक चटकन् निघेल अशी सोय पुष्कळ गाड्यांत केलेली असते. ही सोय दुधारी आहे. अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगानें अशाच तीनचाकी गाड्यांबद्दल एका प्रसिद्ध कंपनीविरुद्ध २०१८ सालीं कारवाई सुरू केली. पुढचें चाक वाटेंत निखळल्याच्या २०० तक्रारी २०१२ पासून जमल्या होत्या आणि मुलें व मोठीं माणसें जखमी झालीं होतीं. तेव्हां गाडी बाहेर काढण्यापूर्वीं पुढचें चाक उचलून, हातानें ओढून पाहावें. यास अर्धें मिनिटहि लागत नाहीं.

यापुढें सांगावयाचें तें मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें, आणि त्याचा चाकांशीं संबंध नाहीं. दोन-तीन महिन्यांचें मूल अशा गाडींत ताठ बसवून संध्याकाळीं फिरावयास नेलेलें पुष्कळदां दिसतें. इतक्या लहान मुलाची मान त्याच्या ताब्यांत नसते. तें बसल्या बैठकींत झोपलें कीं हनुवटी छातीवर टेकते, आणि श्वासाची वाट आखडते. त्याचें तोंड उघडें असतें, आईबापांना वाटतें कीं बाळ गाढ झोपलें! नवजात मुलाला गाडींत न्यावयाचेंच असेल तर पाठ पूर्णपणें आडवी होईल अशी बैठक किंवा वर बसणारी पाळण्यासारखी टोपली हवी. तीनचाकींपैकीं पुष्कळशा गाड्यांत बैठक मागें कलते, पण पुरती आडवी होत नाहीं. दुकानदार ‘कलते’ म्हणाला तर ‘किती कलते’ हें डोळ्यांनीं पाहावें. आधाराशिवाय मूल नीट बसूं लागतें तें साधारण सहाव्या महिन्याच्या पुढें. त्याआधीं बसती गाडी नको. आणि गाडीसह धांवण्याचा विचार त्यानंतरहि बालरोगतज्ज्ञाला विचारूनच करावा.

पट्टे पांच असावेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक पायांमधून. नुसता कमरेचा पट्टा असला तर मूल खालून सरकतें किंवा उभें राहतें. ब्रेक पायानें लागणारा आणि दोन्ही मागच्या चाकांना एकदम धरणारा असावा. याशिवाय मुठीला एक मनगटपट्टा असतो. तो शोभेचा आहे अशी आपल्याकडे समजूत दिसते. २००९ सालीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्नच्या ॲशबर्टन स्टेशनावर आईचा हात क्षणभर सुटला, आणि गाडी फलाटावरून घरंगळत येणाऱ्या आगगाडीपुढें रुळांवर पडली. मूल वाचलें, हें केवळ दैव. फलाटाला पाणी वाहून जाण्यासाठीं दिलेला किंचित् उतारहि मोठ्या, सहज फिरणाऱ्या चाकांना पुरतो. लोकलनें जाणाऱ्यांनीं मनगटपट्टा अवश्य अडकवावा आणि उभें राहतांना गाडी रुळांना समांतर ठेवावी.

आपल्या हवेचाहि विचार हवा. उन्हाची तिरीप नको म्हणून टपावरून दुपट्टा किंवा मलमल टाकण्याची पद्धत घातक आहे. स्वीडनमधील एका वृत्तपत्रानें २०१४ सालीं घेतलेल्या चाचणींत उघड्या गाडींत २२ अंश असलेली उष्णता पातळ आवरण घातल्यावर तासाभरांत ३७ अंशांवर गेली. स्वीडनच्या उन्हांत हें, तर नागपूर-जळगांवच्या वैशाखांत काय होईल? टप मोठा असावा, त्याच्या मागें वारा जाईल अशी जाळी असावी, आणि दुपारीं गाडी घरींच असावी. रहदारीच्या रस्त्याबद्दल तेंच. गाडींतील मुलाचें नाक मोटारींच्या धुराच्या नळीच्या उंचीला जवळ असतें. मोठ्या माणसांच्या मानानें मुलाच्या वाट्याला साठ टक्क्यांपर्यंत अधिक दूषित हवा येऊं शकते, असा इशारा इंग्लंडांतील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनीं २०१८ सालीं दिला. चौकांत सिग्नलला थांबतांना गाडी रस्त्याच्या कडेपासून मागें ओढून धरावी.

आतां घर. तीनचाकी गाडी रिकामी असतां साधारण दहा ते तेरा किलो भरते, आणि मागच्या चाकांशीं तिची रुंदी दोन फुटांच्या आसपास असते. दुकानांत जाण्यापूर्वीं घरच्या लिफ्टचें दार आणि जिन्याच्या वळणाची जागा टेपानें मोजून घ्यावी. लिफ्ट नसलेल्या इमारतींत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबानें ही गाडी घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. आई एका हातांत मूल आणि दुसऱ्या हातांत बारा किलोची गाडी घेऊन जिना उतरणार नाहीं. गाडी आठ दिवसांनीं गॅलरींत जाईल आणि तिच्यावर वाळत घातलेले कपडे दिसूं लागतील. अशा घरीं सहा-सात किलोची मिटणारी चारचाकी बरी, किंवा मुलाला पोटाशीं बांधून नेण्याची झोळी बरी. ज्यांच्या घराखालीं मोकळें आवार आहे, जवळ बाग किंवा मैदान आहे, त्यांना मात्र तीनचाकीसारखें सुख नाहीं. आणखी एक प्रश्न आधींच विचारावा: गाडी रोज ढकलणार कोण? पुष्कळ घरांत ती आजी ढकलते, किंवा सांभाळावयास ठेवलेली बाई. मग मुठीची उंची, ब्रेकचा जोर, मिटण्याची कळ हीं त्यांच्या हातापायांनीं तपासलीं पाहिजेत. उंचपुऱ्या मुलानें पसंत केलेली गाडी आजीच्या छातीशीं येते, हें मीं पाहिलें आहे.

दुकानांत गाडी रिकामी फिरवून कांहींच कळत नाहीं. मुलाएवढ्या वजनाची पिशवी आंत बांधावी, आणि दाराबाहेरची पायरी चढून उतरून पाहावी. मिटतांना आणि उघडतांना बिजागऱ्यांकडे पाहावें. २००९ सालीं अमेरिकेंत मिटत्या गाड्यांच्या बिजागऱ्यांत बोटांचीं टोकें तुटल्याचीं १२ प्रकरणें उघडकीस आलीं, आणि सुमारें १० लक्ष गाड्यांना टोपणें पुरवावीं लागलीं. गाडी उघडमीट करतांना मूल दोन हात दूर हवें. कोणाची वापरलेली गाडी मिळत असेल तर घेण्यास हरकत नाहीं, पण पट्ट्यांची शिवण, ब्रेकचे दांत आणि पुढच्या चाकाचा आंस यांपैकीं एकांतहि ढिलाई दिसली तर ती फुकटहि घेऊं नये. टायर हवेचे असतील तर त्यांची हवा दर आठवड्यास पाहावी लागते; एका बाजूचा टायर मऊ पडला कीं गाडी सदां तिकडे ओढते. पंक्चर कोणताहि सायकलवाला काढून देतो. मात्र त्या मापाची ट्यूब सर्वत्र मिळत नाहीं, तेव्हां गाडीबरोबरच एक जादा ट्यूब आणि हातपंप मागून घ्यावा.