शेडनेट एकदम काढू नका

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेले भाषण)



आरम आणि मोसम खोऱ्यात आता खरीप कांद्याची उळी टाकायची घाई सुरू आहे. बी भीमा सुपरचं असो, बसवंत ७८० असो की घरचं, गादीवाफा कसा करायचा ते सटाण्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको. वेळ थोडा आहे म्हणून एकच गोष्ट धरून बोलतो. वाफ्यावर शेडनेट लावलं असेल तर ते भर दुपारी, एकदम काढू नका.

यात काय मोठंसं, असं तुम्हाला वाटेल. रोप तर हिरवंगार दिसतं. पण हिरव्या रोपाच्या आत काय चाललंय ते पाहा. पान उन्हात अन्न तयार करतं तेव्हा ऑक्सिजनची काही उग्र रूपं पेशीत तयार होतात. ती पेशीच्या पातळ पडद्यालाच जाळतात. हे थंडीतही रोज होतं आणि रोज निस्तरलं जातं. निस्तरण्याचं काम विकरांकडे, म्हणजे एन्झाइमांकडे असतं. पहिलं विकर सुपरऑक्साइड डिसम्युटेज. मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्याचं काम १९६९ मध्ये उलगडलं. ते उग्र ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. दुसरं कॅटलेज, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं.

लग्नघर डोळ्यांसमोर आणा. पंगत उठली की एक बाई खरकटी ताटं उचलून मागच्या अंगणात नेते, दुसरी ती घासते. पहिली म्हणजे डिसम्युटेज, घासणारी कॅटलेज. ऊन थोडं वाढलं की पंगती भराभर उठतात, मग या दोघीही पदर खोचून कामाला लागतात. म्हणून बेताच्या उन्हात रोपातली ही विकरं वाढलेली दिसतात. रोप त्यातून निभावतं. पण ऊन फार चढलं की घासणारी आधी थकते. उचलणारी ताटं आणतच राहते आणि अंगणात ढीग लागतो. तो ढीग म्हणजेच पेरॉक्साइड. शेजारची एखादी जाऊ मदतीला येते, तिचं नाव ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज. तिची राख म्हणजे क जीवनसत्त्व. राख संपली की तीही हात टेकते.

घासणारीच आधी का थकते? कॅटलेजला नुसती उष्णता नाही, उजेडही सोसत नाही. प्रखर उजेडात ते दिवसभर मोडत राहतं आणि पान नवं बनवत राहतं. म्हणजे बाईच्या हातातली घासणी झिजते आणि घरातून दुसरी मिळते. राय या गव्हाच्या भाऊबंद पिकाच्या पानांवर हे तपासलं गेलं आहे. ४० अंशांच्या आसपास, भर उजेडात, जुनं मोडणं चालू राहतं पण नवं बनणं अडखळतं. घासणी झिजली, दुसरी आली नाही.

आता आपल्याकडचा मे-जून आठवा. शेजारी मालेगावात पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि उघड्या कोरड्या मातीचा पृष्ठभाग हवेहून कितीतरी जास्त तापतो. उळं, म्हणजे कांद्याचं कोवळं रोप, मातीपासून बोटभर उंचीवर असतं. इतके दिवस सावलीत वाढलेल्या त्या रोपावरून तुम्ही दुपारी बाराला नेट ओढलंत, तर उष्णता आणि उजेड दोन्ही एकाच वेळी अंगावर आले. आदल्या दिवशी घरात दोन पाहुणे आणि दुसऱ्या दिवशी न सांगता पाचशेची पंगत! मग चार दिवसांनी शेंडे पिवळे पडले की आपण करपा म्हणतो आणि औषधाच्या दुकानात जाऊन उभे राहतो. आधी आठवा ना, नेट कधी काढलं होतं?

रोपाला निरोप आधी द्या. हलका चटका मिळालेलं रोप ही विकरं वाढवून ठेवतं, शिवाय हीट शॉक प्रथिनंही तयार ठेवतं. खरीप कांद्याचं रोप ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येतं. त्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून नेट सायंकाळी चारनंतर काढा. दोन-तीन दिवसांनी सकाळीही काढा, नऊपर्यंत. मग दहा, मग अकरा. ढगाळ दिवस मिळाला तर सोनंच. मी दुपारी काढूच नका असं म्हणत नाही, कारण कायम नेटखाली ठेवलेलं रोप लांबट आणि नाजूक होतं. शेवटी दुपार त्यालाही बघायचीच आहे. पण पहिल्याच दिवशी दुपार नको. हे पुन्हा सांगतो, कारण घाईत हेच विसरलं जातं.

रात्रीचंही बोलायचं होतं. उरलेली भांडी रात्री घासून पालथी घालतात, तसं रोपही दिवसाची झीज रात्री भरून काढतं. रात्रच गरम असली तर ते काम अपुरं राहतं. म्हणून वाफ्याला हलकं पाणी सायंकाळी द्या, आणि उन्हात तापलेल्या काळ्या नळीतलं पहिलं पाणी रोपावर न सोडता बाजूला जाऊ द्या.

अजून एक. डिसम्युटेजच्या एका प्रकाराला तांबं आणि जस्त लागतं, कॅटलेजला लोह. आपल्या चुनखडीच्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाला मिळत नाहीत, तेव्हा माती परीक्षणात सूक्ष्म अन्नद्रव्यंही तपासायला सांगा. नुसता नत्र-स्फुरद-पालाशचा कागद घेऊन परत येऊ नका. जस्त किती आणि कधी द्यायचं, हे… वेळ संपल्याची खूण झाली आहे. ते पुढच्या वेळी सांगेन. वाफ्यावर नेट असेल तर आज दुपारी त्याला हात लावू नका.