पिशवी काढण्यापूर्वी

(तालुक्याच्या गावी झालेल्या महिला मेळाव्यात एका ज्येष्ठ स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन.)



आयोजकांनी मला ‘स्त्रियांचे आरोग्य’ असा विषय दिला आहे. एवढा विस्तीर्ण विषय तासाभरात मांडायचा तर आहार, व्यायाम आणि मनःशांती यांविषयी चार बऱ्या गोष्टी सांगून खाली बसावे लागेल. तसे मी करणार नाही. गेली एकतीस वर्षे प्रसूती व स्त्रीरोग यांचा व्यवसाय करताना जे एक वाक्य मी सर्वाधिक वेळा ऐकले, त्याच एका वाक्याविषयी आज बोलणार आहे. ते वाक्य असे : “मॅडम, एकदाची पिशवी काढून टाका.”

गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. शब्द साधा आहे, सोपा आहे. पण त्याने घातही केला आहे. पिशवी म्हटले की ती रिकामी झाल्यावर टाकून द्यायची असते, असे मनात आपोआप येते. दोन-तीन मुले झाली, कुटुंबनियोजनाचे टाके पडले, आता तिचे काय काम? म्हणून पस्तिशीच्या आतल्या स्त्रिया ही मागणी घेऊन येतात. कधी सासू बोलते, कधी नवरा बोलतो. जिचे शरीर, ती मात्र खाली मान घालून बसलेली असते.

या स्त्रिया येतात कशासाठी? बहुतेक वेळा दोनच तक्रारी असतात : पाळीत रक्तस्राव फार होतो, किंवा अंगावरून पांढरे जाते. आधी दुसरी घेऊ, कारण तिच्याविषयी भीती अधिक आणि धोका कमी आहे. पांढरे जाणे हे पुष्कळदा स्वाभाविक असते. वास, खाज, रंगातील बदल असेल तर जंतुसंसर्ग समजावा. तो औषधाने बरा होतो. तपासणीत गर्भाशयाचे मुख लालसर दिसले की ‘तोंडाला जखम आहे’ असे सांगितले जाते. खरे पाहता हा लालसरपणा बऱ्याच तरुण स्त्रियांत आढळतो आणि बहुधा तो आजार नसतोच. पण ‘जखम’ या शब्दापाठोपाठ ‘पुढे कर्करोग होईल’ हे वाक्य आले की घरातले सगळे हादरतात. त्या एका वाक्यावर शेत गहाण पडलेले मी पाहिले आहे. हे वाक्य आमच्याच व्यवसायातील लोक उच्चारतात, हे सांगताना मला संकोच वाटतो. पण ते येथे सांगितले नाही तर या भाषणाला अर्थ नाही.

आता अतिरक्तस्राव. त्याची कारणे अनेक. चाळिशीच्या सुमारास अंतःस्रावांचा तोल ढळतो, थायरॉइड बिघडते, गर्भाशयाच्या आतील अस्तराला लहानसा मस्सा येतो, स्नायूंमध्ये गाठी होतात. या गाठींना आम्ही फायब्रॉइड म्हणतो. त्या क्वचितच कर्करोगाच्या असतात आणि पाळी गेल्यावर सहसा आक्रसतात. म्हणूनच सोनोग्राफीच्या कागदावर ‘गाठ’ हा शब्द दिसला की लगेच शस्त्रक्रिया, हे गणित चुकीचे आहे. आधी हिमोग्लोबिन पाहावे, थायरॉइड पाहावे, वय चाळिशीपुढे असेल तर अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवावा. ज्याला आपल्याकडे सरसकट ‘क्युरेटिन’ म्हणतात त्यातूनही हा तुकडा मिळतो. आता बारीक नळीने, भूल न देताही तो घेता येतो. मग उपाय ठरवावा. लोहाच्या गोळ्या, रक्तस्राव कमी करणारी औषधे, हार्मोनच्या गोळ्या आहेत. तांबीसारखे दिसणारे, पण गर्भाशयात हार्मोन सोडत राहणारे साधन आहे. ते एकदा बसवले की काही वर्षे काम करते आणि त्याने अनेकींची शस्त्रक्रिया टळते. मस्सा असेल तर दुर्बिणीतून तेवढा काढता येतो. गाठी त्रास देत असतील तर गर्भाशय राखून तेवढ्या गाठी काढता येतात.

आणि तरीही गर्भाशय काढावे लागते, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगते. कर्करोग असेल, गाठी मोठ्या असून कोणत्याही उपायाला दाद देत नसतील, प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबतच नसेल, तेव्हा हीच शस्त्रक्रिया जीव वाचवते. मध्यरात्री एखाद्या बाळंतिणीचे प्राण वाचवण्यासाठी मीही ती केली आहे. माझी तक्रार शस्त्रक्रियेविरुद्ध नाही; ती विचार न करता होते, याविरुद्ध आहे. पोटावर छेद घेऊन, खालच्या मार्गाने किंवा दुर्बिणीतून, कशीही केली तरी ती मोठीच शस्त्रक्रिया असते. मूत्राशय आणि मूत्रवाहिन्या अगदी शेजारी असतात. त्यांना इजा होऊ शकते.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. व्यवसायाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी चौतीस वर्षांची एक बाई आली. पाळीचा त्रास होता, रक्त कमी होते, नवरा म्हणाला, “कायमचे करून टाका.” मी केले. ‘पुढे कटकट नको’ म्हणून दोन्ही अंडाशयेही काढली. त्या काळी आम्हाला त्यात काही वावगे वाटत नसे. टाके उत्तम भरले, ती हसतमुखाने घरी गेली. बारा वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा मी तिला ओळखले नाही. ओट्याला हात टेकताना मनगट मोडले होते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच अंगातून वाफा निघू लागल्या होत्या, झोप गेली होती, सांधे धरले होते. पन्नाशीच्या सुमारास हळूहळू जे व्हायचे, ते मी तिच्यावर चौतिसाव्या वर्षी एका दुपारी लादले होते. अंडाशये लवकर काढली की हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आज सर्वमान्य आहे. ती मला दोष द्यायला आली नव्हती. कॅल्शियमची गोळी कोणती घ्यावी, एवढेच विचारायला आली होती.

हा प्रश्न एकट्या माझ्या दवाखान्याचा नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची बातमी २०१९ साली देशभर गाजली. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहांत एक. आपल्यापैकी अनेकींना हे जग दुरूनच ठाऊक आहे. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात, मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते आणि एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’ भरावा लागतो. फडाजवळ पालात राहायचे; शौचालय नाही, पुरेसे पाणी नाही. अशा ठिकाणी पाळीचे चार दिवस हा खर्च होतो. मग ‘काढून टाकले की सुटले’ हा विचार त्या बाईच्या मनात येतो, यात तिचा अडाणीपणा शोधू नये. तिने तिच्या परिस्थितीत हिशेबच केलेला असतो. फक्त त्या हिशेबात पुढच्या पंचवीस वर्षांचा खर्च तिला कोणी सांगितलेला नसतो.

याच बीडच्या शेजारी दुसरीही एक गोष्ट घडली आहे, ती मात्र फारशी कोणाला ठाऊक नाही. १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविषयी मोठे संशोधन झाले. ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार ग्रामीण स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : एचपीव्ही या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात. जगभरच्या तज्ज्ञांनी मराठवाड्यातील या स्त्रियांकडून शिकावे, असे हे काम. कर्करोगाची भीती असेल तर तिच्यावरचा मार्ग हा आहे : तिशीनंतर तपासणी आणि मुलींना लस. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लस २०२३ पासून उपलब्ध आहे. निरोगी गर्भाशय काढणे हा त्या भीतीवरचा इलाज नव्हे.

आपल्याच भूमीतील शल्यविशारदांची परंपराही गर्भाशय राखण्याची आहे. गोव्यातील शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी मुंबईत काम करताना, ज्या स्त्रियांचा गर्भ चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार पडतो त्यांच्या गर्भाशयमुखाला टाका घालण्याची पद्धत शोधली. १९५५ साली ती प्रसिद्ध झाली आणि आज जगभर ‘शिरोडकर टाका’ याच नावाने ओळखली जाते. तरुणपणीच अंग बाहेर येणाऱ्या स्त्रियांसाठी मुंबईच्या डॉ. पुरंदरे यांनी पोटाच्या आवरणाची पट्टी वापरून गर्भाशय वर बांधून ठेवण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. काढून टाकणे सोपे असताना या मंडळींनी राखण्यासाठी बुद्धी खर्च केली.

गंमत अशी, की ज्यांनी यायला हवे त्या येत नाहीत. अंग बाहेर आलेले असताना वीस वर्षे फडके बांधून शेतात राबणाऱ्या आजीबाई मी पाहिल्या आहेत. पाळी जाऊन पाच वर्षे झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर ‘पाळी परत आली’ म्हणून काही जणी घरीच बसतात. भगिनींनो, पाळी गेल्यानंतर एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा. तेथे थांबणे धोक्याचे आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला निघाल्या, तेव्हा पुरुष डॉक्टरपुढे स्त्रिया बोलत नाहीत म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले होते. आज तालुक्या-तालुक्यात स्त्री डॉक्टर आहेत. बोलणे मात्र अजून अडखळते.

आणि संमतीविषयी. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली एका महत्त्वाच्या निकालात सांगितले, की तपासणीसाठी दिलेली संमती ही अवयव काढण्याची संमती होत नाही. त्या प्रकरणात रुग्ण भुलीखाली असताना तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय व अंडाशये काढली होती. जिवावर बेतलेले नसताना सज्ञान स्त्रीच्या जागी दुसऱ्या कोणाची सही चालत नाही, असे न्यायालय म्हणाले. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी लागू करावीत, असा आदेशही २०२३ साली याच न्यायालयाने दिला. तेव्हा शस्त्रक्रिया सुचवली गेली तर डॉक्टरांना विचारा : मला नेमके काय झाले आहे, औषधाने पाहून झाले का, अंडाशये ठेवणार की काढणार, नाही केली तर काय होईल? घाई नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. चांगला डॉक्टर याने रागावत नाही. आणि रागावलाच, तर दुसरे मत घेण्याचे ते आणखी एक कारण समजा. काढलेला भाग तपासणीला पाठवला का, हे विचारा आणि तो अहवाल रेशनकार्डाजवळ जपून ठेवा.

मघाशी सांगितलेली ती बाई अजून माझ्याकडे येते. मागच्या महिन्यात सुनेला घेऊन आली होती. सुनेचे वय एकोणतीस, तक्रार अतिरक्तस्रावाची, हिमोग्लोबिन सात. मी चिठ्ठी लिहू लागले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “मॅडम, हिची पिशवी राहू द्या.” थायरॉइडची तपासणी केली, दोष तेथेच निघाला. गोळी सुरू आहे.

शेजारच्या खोलीत आमच्या दोन परिचारिका हिमोग्लोबिन तपासण्यासाठी बसल्या आहेत. चहा घेऊन सगळ्याजणींनी तेथे जायचे आहे. ज्यांना खाजगीत विचारायचे असेल त्यांच्यासाठी मी सायंकाळपर्यंत येथेच आहे. पुरुष मंडळींनी तेवढा वेळ बाहेरच्या मांडवात बसावे.