एका घराच्या जोरावर दुसरे घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला कोणी गाणे म्हणते, कोणी नवा पदार्थ सांगते. माझ्या वाट्याला पैशाचा विषय आला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या असून त्यांचा हिशेब मीच ठेवते. त्यामुळे घरपट्टी, व्याज, भाडे हे शब्द मला परके नाहीत. जे कळत नव्हते ते बँकेत आणि करसल्लागारांकडे जाऊन विचारून घेतले, आणि तेच आज आपणांपुढे ठेवते.

हल्ली पुष्कळ घरांतून एक बोलणे ऐकू येते : ‘राहत्या घराची किंमत वाढली आहे. त्यात पैसा नुसता पडून आहे. त्यावर कर्ज काढू, दुसरे घर घेऊ. त्याचे भाडे येईल, शिवाय कर वाचेल.’ हे सारेच खोटे नाही आणि सारेच खरेही नाही. म्हणून आकडे घालून पाहू.

समजा, एका बहिणीचे यवतमाळला घर आहे. आजची किंमत ४० लाख, आणि जुने कर्ज ८ लाख बाकी. म्हणजे त्या घरात तिचे स्वतःचे ३२ लाख झाले. पण बँक काही ३२ लाख देत नाही. समजा, तिने किमतीच्या साठ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४ लाखांपर्यंत, एकूण कर्ज मान्य केले. त्यातून जुने ८ लाख वजा जाता १६ लाख हाती आले. कर्ज हे उत्पन्न नव्हे, म्हणून या १६ लाखांवर प्राप्तिकर नाही.

आता मुख्य गोष्ट ऐकावी. व्याजाची सूट देताना प्राप्तिकर खाते कोणते घर तारण ठेवले हे पाहत नाही. कर्जाचा पैसा कोठे लागला हे पाहते. यवतमाळचे घर तारण ठेवून अमरावतीला भाड्याने देण्यासाठी घर घेतले, तर ते व्याज अमरावतीच्या भाड्यातून वजा मिळते. त्याच पैशातून मुलीचे लग्न केले किंवा गाडी घेतली, तर घराचे व्याज म्हणून काहीही वजा मिळत नाही. आणि अर्धा पैसा इकडे, अर्धा तिकडे गेला, तर व्याजाचीही तशीच वाटणी करावी लागते. म्हणून असा पैसा घरखर्चाच्या खात्यात मिसळू देऊ नये. दळणाला दिलेले गहू आणि ज्वारी एकाच डब्यात गेली की मग निवडत बसणे कठीण!

अमरावतीच्या घराचे भाडे महिना ६,००० धरू. वर्षाचे ७२,०००. घरपट्टी भरली ४,०००, उरले ६८,०००. त्यातून दुरुस्तीचा वगैरे खर्च म्हणून कायदा सरसकट तीस टक्के, म्हणजे २०,४००, वजा देतो, राहिले ४७,६००. १६ लाखांवर दहा टक्क्यांनी व्याज होते १,६०,०००. म्हणजे कागदावर तोटा आला १,१२,४००.

हा तोटा पगारातून किंवा दुकानाच्या उत्पन्नातून वजा करता येतो का? जुनी करपद्धत निवडली असेल तर वर्षाला २ लाखांपर्यंत येतो. नव्या पद्धतीत येत नाही. आणि २०२३-२४ या वर्षापासून नवी पद्धतच आपोआप लागू होते, जुनी हवी असल्यास ती मुद्दाम निवडावी लागते. जुन्या पद्धतीत वीस टक्के कर भरणाऱ्याचे २२,४८० रुपये वाचतील. पण हातचा पैसा मोजा. व्याज गेले १,६०,०००, भाड्यातून आले ६८,०००, तूट ९२,०००. वाचलेला कर धरूनही वर्षाला ६९,५२० रुपये घरातून घालावे लागतात. मुद्दल अजून निराळेच! तेव्हा कर वाचला म्हणजे पैसा मिळाला असे समजू नये. ही तूट कोणाच्या कमाईतून भरणार, हे ठरल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये.

दुसरा मुद्दा नावाचा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून स्त्रीच्या नावे राहण्याचे घर खरेदी केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ती अवश्य घ्यावी. मात्र पतीने दिलेल्या पैशातून पत्नीच्या नावे घर घेतले, तर त्याचे भाडे प्राप्तिकरात पतीच्याच उत्पन्नात धरले जाते.

तिसरा मुद्दा विक्रीचा. समजा, यवतमाळचे घर पूर्वी ५ लाखांत घेतले होते आणि ते ४० लाखांना विकले. बँकेचे २४ लाख फेडून हाती १६ लाख आले. पण कर १६ लाखांवर नाही. नफा ३५ लाखांचा धरतात. फेडलेले कर्ज त्यातून वजा होत नाही. साडेबारा टक्क्यांनी ४,३७,५०० रुपये होतात. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराला महागाईचा हिशेब धरून वीस टक्क्यांचा दुसरा मार्गही आहे, आणि मुदतीत दुसरे राहण्याचे घर घेतल्यास सूटही आहे. विकण्याआधी दोन्ही हिशेब करवून घ्यावेत.

आणि आता सहीविषयी. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा अधिक थकला की कर्ज बुडीताच्या यादीत जाते. २००२ च्या कायद्याने बँक साठ दिवसांची नोटीस देऊन, कोर्टात दावा न लावता, तारण घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांनाही हा अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितले. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही; राहत्या घराला आहे. बँक बंद पडली म्हणून कर्जही सुटत नाही. आपल्या यवतमाळच्या बाबाजी दाते महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२२ मध्ये रद्द केला, हे आपण जाणतोच. अशा वेळी ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, पण कर्जाची वसुली अवसायक करतोच.

म्हणून भगिनींनो, ‘इथे सही कर’ म्हटले की लगेच सही करू नका. सहकर्जदार म्हणून आहे की जामीनदार म्हणून, ते विचारा. एका कर्जासाठी दोन्ही घरे एकत्र तारण पडत नाहीत ना, ते वाचून घ्या. पडत असतील तर नव्या घराच्या हप्त्यापायी जुनेही जाऊ शकते. जागा नझूल पट्ट्याची किंवा भोगवटादार वर्ग २ ची असेल, तर परवानगीच्या अटी आधी पाहा. आणि सावकार गहाणाऐवजी खरेदीखत मागत असेल, तर तेथून उठून या.

दुसरे घर घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. ज्या घरी तूट भरण्याइतकी नियमित मिळकत आहे, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला ठेवलेले आहेत, तिथे ते जरूर घ्यावे. परंतु ज्या छपराखाली मुले झोपतात ते गहाण पडत असेल, तर त्याचा हिशेब घरातल्या बाईला पूर्ण समजलाच पाहिजे. तो समजायला सातवीचे गणित पुरते.