पियानो किती दिवसांत येतो?

(वर्धापनदिनाच्या संमेलनात केलेले भाषण)



गेल्या कोजागिरीला मी आपल्यापुढे पियानोवर एक लहानशी रचना वाजविली. तेव्हापासून भेटेल ती मैत्रीण एकच विचारते, "अहो, आम्हांला शिकायचे झाले, तर किती दिवस लागतील?" चिटणीसबाईंनी मला त्यावरच बोलायला सांगितले आहे. मी काही वादक नव्हे. वयाच्या ५४ व्या वर्षी शिकू लागले आणि आज सहा वर्षांनी माझ्या हातांत अवघ्या अकरा रचना आहेत. तेव्हा हे तज्ज्ञाचे व्याख्यान न समजता, वाटेवर चार पावले पुढे गेलेल्या बाईचे बोलणे समजावे.

पहिल्याच दिवशी मीही टीचरना हाच प्रश्न विचारला होता. त्या हसून म्हणाल्या, "तुम्हांला वाजवायचे काय, आणि रोज बसणार किती, हे आधी सांगा. मग मी दिवस सांगते." मला तेव्हा ते उत्तर टाळाटाळीचे वाटले. आज वाटते, दुसरे खरे उत्तर नाही.

आपल्यापैकी पुष्कळजणींना पेटी येते. त्यांना पट्ट्या नव्या नाहीत. परंतु पेटीत भाता हलता ठेवला की सूर टिकतो. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर आपटते आणि सूर लगेच विरू लागतो. बोट हलके पडले तर सूर नाजूक, जोराने पडले तर मोठा. इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिराने ही रचना साधली. हळू आणि मोठा या अर्थाच्या इटालियन शब्दांवरूनच वाद्याला नाव पडले. त्यातून पेटीचा एक हात भात्यावर असतो, येथे दोन्ही हात पट्ट्यांवर. पट्ट्या ८८, पैकी ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. उजवा हात एक बोलतो, डावा दुसरेच. एका हाताने पोळी लाटीत दुसऱ्याने तव्यावरची उलटणाऱ्या आपल्याला हे अगदीच अपरिचित नाही. पण तेही आपण एका दिवसात शिकलो नव्हतो.

आता दिवसांचा हिशेब सांगते. तो माझा आहे; कोणाचा थोडा कमी, कोणाचा जास्त होईल. रोज अर्धा तास धरला, तर पहिल्या आठवड्यात उजव्या हाताच्या पाच बोटांनी एक सोपी चाल वाजते. आनंद होतो आणि वाटते, हे तर सोपेच! मग दोन्ही हात एकत्र आणावयाचे येते आणि सारा आनंद मावळतो. डाव्याकडे लक्ष द्यावे तर उजवा थांबतो. पुष्कळजणी येथेच सोडतात. उपाय एकच : प्रत्येक हात वेगळा पक्का करावयाचा आणि मग दोन्ही मिळून, कंटाळा येईल इतके सावकाश वाजवावयाचे. मला या पायरीला चार महिने लागले.

दीड वर्षाने मी जी मेजरमधील एक मिन्युएट वाजवू लागले. कोजागिरीला आपण ऐकलीत ती हीच. थोर संगीतकार बाख याच्या पत्नीची, ॲना माग्दालेनाची, १७२५ साली सुरू केलेली एक घरगुती संगीतवही आहे. त्या वहीत ही रचना आहे. पुष्कळ वर्षे लोक ती बाखचीच समजत. पुढे अभ्यासकांना आढळले की ती क्रिस्टियान पेट्झोल्ड याची. मुलाबाळांच्या गजबजाटात एका गृहिणीने जपलेल्या वहीतले पान आपल्या बोटांखाली यावे, याचे मला फार अप्रूप वाटले.

नवी, मध्यम अवघड रचना स्वतः वाचून बसवावयाची असेल, तर तीनपासून पाच वर्षे धरावीत. ज्यांना परीक्षा द्यावयाच्या आहेत, त्यांच्यासाठी लंडनच्या संस्थांच्या आठ श्रेणी आपल्याकडेही घेतल्या जातात. वर्षाला एक श्रेणी ही चाल चांगलीच म्हणावी लागेल.

हल्ली कोणी दहा हजार तासांचा आकडा सांगून घाबरवितो. रोज अर्ध्या तासाने त्याला सुमारे ५५ वर्षे लागतील, म्हणजे मी १०९ वर्षांची होईन! पण तो आकडा १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनमधील व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून आला आहे. त्यांतील सर्वोत्तम तरुणांचा विसाव्या वर्षापर्यंतचा सरासरी सराव तेवढा भरला होता. घरी बसून मिन्युएट वाजवू इच्छिणारीशी त्याचा संबंध नाही.

आपल्यासाठी अर्ध्या तासाचाच प्रश्न मोठा. आणि तो रोजचा हवा. रविवारी एकदम तीन तास बसून तेवढे पदरात पडत नाही. रात्री न जमलेली ओळ पुष्कळदा दुसऱ्या सकाळी जमते, कारण शिकलेल्या हालचाली झोपेत मेंदूत पक्क्या होतात.

मी ४८ व्या वर्षी एकदा शिकू लागले होते आणि चार महिन्यांत सोडले होते. सारी कामे आटोपली की बसायचे, असा माझा नेम होता. आणि घरातली कामे आटोपतात कधी? दुसऱ्यांदा मी सकाळच्या चहानंतरचा अर्धा तास बाजूला काढला. विजेवर चालणारा, पण ८८ वजनदार पट्ट्यांचा पियानो घेतला. कानांना हेडफोन लावला की शेजाऱ्यांची तक्रार नाही. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "आधी भाजी फोडणीला टाक, मग तुझे ते टकटक." मी उत्तर दिले नाही, पण उठलेही नाही.

तिसऱ्या वर्षी त्या अंथरुणाला खिळल्या. आठ महिने मी पियानोवरचे कापडसुद्धा काढले नाही. एके दिवशी त्यांनीच विचारले, "तुझे वाजवणे बंद का? ते कानांचे यंत्र काढ नि मला ऐकू दे." मी भीतभीत बसले. पुष्कळ चुकले, पण बोटांना माझ्यापेक्षा अधिक आठवत होते. तीन आठवड्यांत गेलेले बहुतेक परत आले. तेव्हा त्या म्हणाल्या, "मला पेटी शिकायची होती ग. किती दिवस लागतील, असे विचारीतच राहिले." पुढे दोन महिन्यांनी त्या गेल्या.

म्हणून, भगिनींनो, तुम्ही विचारता तेव्हा मला त्यांचा आवाज आठवतो. दिवस किती लागतील ते मी सांगितले : आठवड्यात एक चाल, चार महिन्यांत दोन हात, दीड वर्षात एक सुंदर रचना. ते दिवस आपण शिकलो तरी जाणार, न शिकलो तरी जाणार. ज्यांना पाहावेसे वाटेल त्यांनी कोणत्याही सकाळी माझ्या घरी यावे. चहानंतरचा अर्धा तास मात्र मी उठणार नाही. तुम्हीच शेजारी बसून एक बोट ठेवून पाहावे.