मिठाच्या चढउतारात जगणारे सूक्ष्मजीव

समुद्राच्या पाण्यात मीठ साधारण 3.5 टक्के असते. मिठागराच्या शेवटच्या वाफ्यात मीठ पिकू लागते तेव्हा ते 30 टक्क्यांच्या आसपास पोचलेले असते. इतक्या खारट पाण्यात सामान्य जिवाणू तग धरत नाही. परासरणामुळे पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि तिचे व्यवहार थांबतात. लोणचे टिकते तेही यामुळेच. तरीही ऐन उन्हाळ्यात हे वाफे तांबूस दिसतात, आणि तो रंग सजीवांचा असतो. खारवलेल्या मासळीवर कधी लाली चढते, तीही अशाच मीठप्रेमी जीवांची.

या जीवांनी पाणी टिकवून धरण्याचे दोन मार्ग काढले आहेत. पहिला मार्ग क्षार आत घेण्याचा. हॅलोबॅक्टेरियम हे आर्किया गटातले सूक्ष्मजीव सोडियम सतत बाहेर टाकतात आणि त्याऐवजी पोटॅशियम साठवतात. आतली क्षारता बाहेरच्या बरोबरीला आली की पाणी ओढले जात नाही. मात्र एवढ्या क्षारात साधी प्रथिने एकमेकांना चिकटून निकामी होतात. हॅलोबॅक्टेरियमच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर आम्लधर्मी अमिनो आम्ले दाटीने असतात. त्यांचा ऋणभार पाण्याचे रेणू आणि धन आयन धरून ठेवतो, त्यामुळे प्रथिने विरघळलेली आणि कार्यक्षम राहतात. 2002 मध्ये वर्णन झालेला सॅलिनीबॅक्टर रुबर हा स्पेनच्या मिठागरांतला जीव आर्किया नसून जिवाणू आहे. त्यानेही हाच मार्ग धरला आहे.

या मार्गाची मर्यादा पाणी सौम्य झाले की उघड होते. मीठ उतरले की ऋणभार एकमेकांना दूर लोटतात, प्रथिनांची घडी उलगडते आणि पेशीचे बाह्य आवरण विस्कटते. हॅलोबॅक्टेरियम गोड्या पाण्यात टाकले की त्याच्या पेशी फुटतात. मीठ ही त्याची गरजच होऊन बसते.

दुसरा मार्ग मीठ बाहेर ठेवण्याचा. पेशी आत लहान सेंद्रिय रेणू साठवते. ते पाणी धरतात, पण प्रथिनांच्या कामात आड येत नाहीत. डुनालिएला या शैवालात हे काम ग्लिसरॉल करते. अनेक जिवाणूंत ते एक्टोइन करते. या रेणूचा शोध 1985 मध्ये लागला. प्रथिने नेहमीचीच राहत असल्याने या जीवांना बदलत्या खारटपणात वावरता येते. हॅलोमोनास इलाँगाटा हा जिवाणू समुद्राच्या पाण्यातही वाढतो आणि 20 टक्के मिठातही.

मीठ अचानक चढले की पेशीतले पाणी निसटते आणि ती आक्रसते. पुष्कळ जिवाणू लगेच पोटॅशियम आत घेऊन वेळ निभावतात. मग एक्टोइनसारखे रेणू तयार करतात किंवा भोवतालातून उचलतात. डुनालिएलाला कठीण पेशीभित्ती नसते. ती काही मिनिटांत आक्रसते आणि ग्लिसरॉल वाढत जाईल तशी पूर्वपदावर येते. मीठ अचानक उतरले तर पाणी आत घुसते. पेशीपटलावर ताण येताच त्यातली ताणसंवेदी द्वारे उघडतात आणि साठवलेले रेणू बाहेर पडतात, म्हणून पेशी फुटत नाही. उद्योगाने याचा उपयोग करून घेतला आहे. हॅलोमोनास आधी खाऱ्या, मग सौम्य पाण्यात ठेवून एक्टोइन बाहेर काढतात. पेशी जगतात आणि पुन्हा वापरता येतात. हे एक्टोइन त्वचेच्या मलमांत जाते.

दोन्ही मार्गांच्या खर्चात मोठा फरक आहे. पोटॅशियम साठवायला ऊर्जा थोडी लागते, सेंद्रिय रेणू घडवायला पुष्कळ. म्हणून पाणी कायम संपृक्ततेजवळ असेल तिथे आर्किया वरचढ ठरतात, आणि खारटपणा हलता असेल तिथे रेणू साठवणारे टिकून राहतात.

मृत समुद्रात यांतला एक गट दुसऱ्यावर कसा अवलंबून असतो ते दिसले. तिथे जीवन असल्याचे बेंजामिन एलाझारी वोल्कानी यांनी 1936 मध्ये दाखवले होते. या पाण्यात मॅग्नेशियमही भरपूर असल्याने एरवी डुनालिएला तिथे वाढत नाही. 1980 आणि 1992 मध्ये भरपूर पावसाने वरचा थर सौम्य झाला, तेव्हा मात्र ती फोफावली. तिने तयार केलेल्या सेंद्रिय द्रव्यांवर आर्किया पोसले. त्यांची संख्या दर मिलिलिटरला कोटींवर गेली आणि पाणी लाल झाले.

कोकण आणि गोव्याच्या मिठागरांत असा पालट दरवर्षी होतो. उन्हाळ्यात संपृक्त झालेले वाफे पावसाळ्यात गोड्या पाण्याखाली जातात. अशा ठिकाणी मीठ किती सोसवते यापेक्षा त्याचा चढउतार किती सोसवतो, यावरच कोणता जीव टिकेल हे ठरते.